दक्षिण ध्रुवाची रसद

१. बाळबोध वाटणारा प्रश्न

अंटार्क्टिका खंडाविषयी चार माणसांत बोलणे निघाले, तेथील हाडे गोठविणारी थंडी, महिनोन्महिने न उजाडणारी रात्र आणि क्षितिजापर्यंत पसरलेले बर्फ यांचे सर्वांनी नवल करून झाले, म्हणजे त्यांतील एखादा, बहुधा ज्याने आयुष्यभर शेती आणि प्रपंच सांभाळला आहे असा, हटकून विचारतो, “ते सगळं खरं, पण तिथं माणसं खातात काय?” पंडितांना हा प्रश्न बाळबोध वाटण्याचा संभव आहे. तथापि दक्षिण ध्रुवाच्या शोधाचा इतिहास थोड्या बारकाईने चाळणाऱ्यास असे दिसून येईल की, कोणता दर्यावर्दी कोठवर पोहोचला, कोण परतला आणि कोण तेथेच राहिला, याचा निकाल शौर्यापेक्षा शिधासामग्रीच्या बंदोबस्तानेच अनेकदा लावलेला आहे. आणि म्हणूनच या प्रकरणात त्या इतिहासाकडे आपण रसदीच्या वहीतून पाहणार आहोत.

हा मुलूख आपल्यापासून किती दूर आहे, ते आधी पाहू. नकाशा पसरून, सातारा जिल्ह्याच्या जावळी तालुक्यात वेण्णेच्या काठी वसलेल्या मेढ्यावर पट्टी ठेवली आणि तेथून नाकासमोर दक्षिणेस रेघ ओढली, तर ती पणजीच्या आसपास समुद्रात उतरते, मालदीवच्या पूर्वेकडून विषुववृत्त ओलांडते, आणि त्यानंतर हजारो किलोमीटर पाण्यावरून जाऊन, वाटेत हर्ड नावाच्या एका हिमाच्छादित ज्वालामुखी बेटाजवळून सरकत, अंटार्क्टिकाच्या प्रिड्झ उपसागराशी जमिनीला टेकते. मेढ्यापासून हा किनारा साडेनऊ हजार किलोमीटरांहून थोडा अधिक दूर आहे आणि तेथून ध्रुव आणखी सव्वादोन हजारांहून अधिक. आषाढात जावळीच्या भातखाचरांवर कोसळणारा पाऊस ज्या वाऱ्यांवर स्वार होऊन येतो, ते वारेही याच रेषेच्या आसपास, दक्षिण हिंदी महासागरावरूनच निघालेले असतात. म्हणजे तो समुद्र आपल्या पिकापाण्याच्या हिशेबात पूर्वीपासून आहेच. त्याच्या पलीकडचा किनारा तेवढा आपल्याला अपरिचित राहिला.

२. दोन ध्रुवांतील भेद

ध्रुवांवर थंडी असते याचे मूळ कारण असे की, तेथे सूर्यकिरण अतिशय तिरपे पडतात, त्यामुळे तेवढीच उष्णता अधिक क्षेत्रावर विखुरली जाते. शिवाय शुभ्र बर्फ तिच्यातील बराचसा भाग आकाशाकडे परत फेकून देते. ही कारणे दोन्ही ध्रुवांना सारखीच लागू असूनही दक्षिण ध्रुव उत्तर ध्रुवाहून कितीतरी अधिक थंड आहे, आणि या भेदातच आपल्या विषयाची किल्ली आहे.

उत्तर ध्रुव हा समुद्र आहे, भोवती जमिनींनी वेढलेला. दक्षिण ध्रुव ही जमीन आहे, भोवती समुद्राने वेढलेली. उत्तरेकडील गोठलेल्या समुद्राच्या पातळ कवचाखाली पाणी असते आणि ते काही ऊब राखते. दक्षिणेस मात्र भारताच्या चौपटीहून मोठ्या खंडावर सरासरी सुमारे दोन किलोमीटर जाडीचा बर्फाचा थर साचलेला असून, ध्रुवबिंदू समुद्रसपाटीपासून २,८०० मीटरांहून उंच आहे, आणि उंचीबरोबर थंडी वाढते हे महाबळेश्वराच्या शेजारी राहणाऱ्यांस सांगावयास नको. याच खंडावरील व्होस्टॉक ठाण्यात २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली.

थंडीपेक्षाही महत्त्वाचा भेद वस्तीचा. उत्तरेकडील बर्फाळ किनाऱ्यांवर हजारो वर्षे माणसे राहत आली. कोणते कातडे पांघरावे, कुत्र्यांना कसे जुंपावे, काय मारून खावे, हे त्यांच्याकडून शिकता आले. दक्षिणेस असा गुरू कोणी नव्हता. किनाऱ्यावर पेंग्विन आणि सील आहेत. परंतु किनारा सोडून आत शिरले की खाण्याजोगे काही म्हणून नाही. जे खावयाचे ते पाठीवर, अथवा घसरगाडीवर, घरूनच न्यावयाचे. दक्षिण ध्रुवाचा शोध हे सर्वस्वी रसदीचे काम का झाले, ते यावरून ध्यानात येईल.

३. न पाहिलेला खंड

या खंडाची कल्पना माणसाने त्याच्या दर्शनाच्या कितीतरी आधी केली होती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने हिंदी महासागराच्या दक्षिणेस एक अज्ञात भूमी कल्पून तो महासागर सरोवरासारखा चोहोकडून बंद करून टाकला. पुढे पोर्तुगीज गलबते आफ्रिकेला वळसा घालून आपल्या किनाऱ्यावर आली तेव्हा ही कोंडी नकाशावरून पुसली गेली. पण दक्षिणेस कोठेतरी सुपीक, धनधान्याने भरलेले विशाल खंड असावे हा समज तीनशे वर्षे टिकून राहिला.

त्या समजाची झडती घेण्याचे काम इंग्रज आरमाराने जेम्स कुकवर सोपविले. १७ जानेवारी १७७३ रोजी त्याच्या जहाजांनी अंटार्क्टिक वृत्त ओलांडले. या वृत्ताच्या, म्हणजे साधारण साडेसहासष्ट अंश दक्षिण अक्षांशाच्या, पलीकडे वर्षातून निदान एक दिवस सूर्य मावळत नाही आणि एक दिवस उगवत नाही. त्याच वर्षीच्या ३० ऑगस्टला पुण्यात शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. आपल्या दप्तरांतून त्या वर्षाची जी धामधूम भरून राहिली आहे, तिच्या काही महिने आधी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास एक दर्यावर्दी हिमनगांमधून वाट काढीत होता.

कुकच्या या सफरीत रसदीच्या दृष्टीने दोन गोष्टी घडल्या. पहिली पाण्याची. समुद्रात तरंगणारे हिमनग हे खाऱ्या पाण्याचे गोठलेले तुकडे नसतात. जमिनीवर युगानुयुगे पडलेल्या हिमाचे थर दाबून बनलेल्या हिमनद्यांचे ते तुटलेले कडे असतात, अर्थात त्यांचे पाणी गोडे असते. कुकने होड्या सोडून बर्फाचे खंड गोळा करविले, डेकवर रचून त्यांना चिकटलेले खारे पाणी निथळू दिले आणि मग ते वितळवून पिंपे भरून घेतली. खाऱ्या समुद्राच्या मध्यावर गोड्या पाण्याची चिंता मिटली, आणि जहाजांचा दक्षिणेतील मुक्काम वाढविणे शक्य झाले.

दुसरी गोष्ट स्कर्व्ही या रोगाची. लांबच्या सफरीत खारवलेले मांस आणि सुके बिस्किट यांवर राहणाऱ्या खलाशांच्या हिरड्या सुजून रक्त वाहू लागे, जुन्या जखमा पुन्हा उघडत, आणि अखेर मृत्यू येई. आवळ्यात आणि लिंबात विपुल असलेल्या क जीवनसत्त्वाचा अभाव हे त्याचे कारण. परंतु हे जीवनसत्त्व हाती लागले विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या सुमारास. कुकला कारण ठाऊक नव्हते. तरीही जेथे जमीन लागेल तेथे ताजा भाजीपाला मिळविण्याचा आणि जहाजावर आंबवलेली कोबी खाऊ घालण्याचा त्याचा दंडक इतका कडक होता की, त्याच्या स्वतःच्या जहाजावर या रोगाने कोणाचाही बळी घेतला नाही.

३० जानेवारी १७७४ रोजी तो ७१ अंश १० कलांपर्यंत गेला आणि बर्फाने अडवल्यामुळे परतला. खंड त्याला दिसले नाही. मात्र असलेच तर ते सुपीक नसून बर्फाखाली गाडलेले असणार आणि त्यापासून जगाला काही लाभ होणार नाही, असा निर्वाळा त्याने दिला.

४. किनारा दिसला

लाभ नाही हे म्हणणे व्यापाऱ्यांनी मानले नाही, कारण कुकच्या वृत्तांतातच दक्षिणेकडील सीलांच्या कळपांचा उल्लेख होता. सीलच्या मऊ कातड्यासाठी शिकारी गलबते दक्षिणेकडे धावली, आणि १८१९ मध्ये विल्यम स्मिथला दक्षिण शेटलंड बेटे दिसल्यावर तेथील सील काही वर्षांतच जवळजवळ नामशेष करण्यात आले. ज्या वर्षी, म्हणजे १८१९ च्या सप्टेंबरात, छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी इंग्रजांनी तह करून सातारचे राज्य मर्यादित स्वरूपात पुन्हा उभे केले, त्याच वर्षीची ही गोष्ट.

पुढच्याच जानेवारीत खंडाचे दर्शन घडले. रशियन आरमाराचा बेलिंग्सहाउझेन याने १८२० च्या जानेवारीच्या अखेरीस किनाऱ्याचे बर्फ पाहिले. दोन-तीन दिवसांच्या अंतराने इंग्रज अधिकारी ब्रान्सफील्ड याने द्वीपकल्पाचे डोंगर पाहिले. आणि नोव्हेंबरात पामर नावाचा अमेरिकन सीलशिकारी त्याच बाजूस पोहोचला. कित्येक शतके जे दिसले नाही ते एका वर्षात तिघांना दिसले.

यानंतर १८४१ मध्ये जेम्स क्लार्क रॉस याने बळकट केलेली दोन जहाजे तरंगत्या बर्फात घुसवून पलीकडचा मोकळा समुद्र गाठला. तेथे त्याला धूर ओकणारा एरेबस ज्वालामुखी आढळला आणि त्याच्या पूर्वेस पन्नास-साठ मीटर उंचीची, शेकडो किलोमीटर लांबीची बर्फाची सरळ भिंत आडवी आली. तरंगत्या हिमफळीची ही कड जहाजांना अभेद्य होती; पण सत्तर वर्षांनी ध्रुवाकडे जाणारे दोन्ही मार्ग याच फळीवरून निघाले.

५. पहिला हिवाळा

रॉसनंतर पन्नास वर्षे दक्षिणेकडे फारसे कोणी फिरकले नाही. १८९५ मध्ये लंडनला भरलेल्या भूगोलज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने अंटार्क्टिकाचा शोध हे सर्वांत मोठे शिल्लक काम असल्याचा ठराव केला, आणि मोहिमांची रीघ लागली.

त्यांतील पहिली बेल्जियन मोहीम ‘बेल्जिका’ या जहाजातून निघाली आणि १८९८ च्या मार्चात समुद्र गोठल्यामुळे वर्षभर बर्फात अडकून पडली. सूर्य दोन महिन्यांहून अधिक काळ उगवला नाही. डबाबंद अन्नावर राहणारी माणसे निस्तेज झाली, पाय सुजले, कित्येकांचे चित्त ठिकाणावर राहीना. जहाजावरील डॉक्टर फ्रेडरिक कुक, ज्याचा वरील जेम्स कुकशी काही संबंध नाही, उत्तरेकडील रहिवाशांत राहून आलेला होता. त्याने ताजे पेंग्विन आणि सीलचे मांस खाण्याचा आग्रह धरला. मोहिमेच्या प्रमुखाला त्या मांसाची किळस होती आणि प्रथम त्याने ते नाकारले. परंतु प्रकृती ढासळल्यावर सर्वांना ते औषधादाखल खावे लागले, आणि ते घेताच आजारी उठून कामाला लागले. ताज्या, फार न शिजविलेल्या मांसात क जीवनसत्त्व थोडे का होईना असते, आणि डबाबंद करताना ते नष्ट होते, हे त्यातील इंगित. हे सारे डोळ्यांनी पाहणारा पंचविशीतला एक नॉर्वेजियन अधिकारी त्या जहाजावर होता. त्याचे नाव रोआल्ड आमुंडसेन.

१८९९ मध्ये बोर्चग्रेव्हिंकच्या दहा जणांच्या तुकडीने प्रत्यक्ष खंडाच्या भूमीवर, केप अडेअर येथे, पहिला हिवाळा काढला. त्यांनी नॉर्वेहून सुट्या भागांत आणून तेथे जोडलेली लाकडी घरे आजही उभी आहेत. किनाऱ्यावर राहता येते हे सिद्ध झाले. आता प्रश्न आत शिरण्याचा होता.

६. शिध्याचे गणित

येथे थोडे गणित करणे अवश्य आहे. ते सोपे आहे आणि त्यावाचून पुढील घटनांचे मर्म कळणार नाही.

समजा, मेढ्याहून एक मनुष्य अशा मुलखात पायी निघाला की, जेथे वाटेत ना गाव, ना दुकान, ना शेत. त्याच्या पाठीवर जास्तीत जास्त दहा दिवसांचा शिधा मावतो. तो किती दूर जाऊ शकेल? दहा दिवस नव्हे. कारण त्याला परतही यावयाचे आहे. म्हणजे पाच दिवसांची मजल झाली की त्याने माघारी वळलेच पाहिजे.

आता हाच मनुष्य आधी एक हेलपाटा घालतो. दहा दिवसांचा शिधा घेऊन तो दोन दिवस चालतो, तेथे सहा दिवसांचा शिधा पुरून ठेवतो, आणि उरलेल्या दोन दिवसांच्या शिध्यावर घरी येतो. मग पुन्हा दहा दिवसांचा शिधा घेऊन निघतो. त्या पुरलेल्या शिध्याच्या कोठीपाशी पोहोचेतो त्याने दोन दिवसांचे खाल्लेले असते. तेवढे तो कोठीतून उचलतो आणि पुन्हा पुरते दहा दिवसांचे ओझे घेऊन पुढे निघतो. तेथून तो पाच दिवस पुढे जातो, पाच दिवसांत कोठीपाशी परततो, तेथील दोन दिवसांचा शिधा घेतो आणि घर गाठतो. त्याची मजल पाचावरून सातावर गेली, आणि कोठीत दोन दिवसांची शिल्लकही राहिली.

या उदाहरणातून तीन गोष्टी निघतात. दोन दिवस अधिक पुढे जाण्यासाठी चार दिवसांचा वेगळा हेलपाटा पडतो, म्हणजे दूर जाणे उत्तरोत्तर महाग होत जाते. परतीचा सारा भरवसा त्या कोठीवर असतो; ती सापडली नाही तर मनुष्य घरापासून दोन दिवसांवर उपाशी मरतो. आणि ती दोन दिवसांची शिल्लक चैनीची नाही. वादळात तंबूत अडकून पडण्याच्या दिवसांसाठी ती आहे.

१९०९ साली अर्नेस्ट शॅकल्टनने हे गणित वेळीच ओळखले. ९ जानेवारीस तो ८८ अंश २३ कलांवर पोहोचला. ध्रुव ९७ सागरी मैल, म्हणजे सुमारे १८० किलोमीटर उरला होता. तेथपर्यंत त्याच्याआधी कोणीही आले नव्हते. गाठणे शक्य होते, परतणे नव्हते. तो वळला आणि त्याच्यासह चौघेही जिवंत परतले.

७. दोन बंदोबस्त

दोन वर्षांनी आमुंडसेन आणि इंग्रज आरमारातील कप्तान रॉबर्ट स्कॉट असे दोघे रॉसच्या हिमफळीच्या दोन टोकांशी येऊन उतरले. दोघांनीही कोठ्या घातल्या. भेद तपशिलात होता.

आमुंडसेनने आपले ठाणे स्कॉटच्या ठाण्यापेक्षा ध्रुवाला सुमारे एक अंशाने जवळ घेतले. ८०, ८१ आणि ८२ अंशांवर मिळून तीन टनांहून अधिक सामान पुरले, आणि ८० अंशांवरील कोठीच्या दोन्ही बाजूंस मार्गाशी काटकोनात निशाणांची अशी लांब रांग रोवली की, धुक्यात वाट चुकलेला मनुष्यही आडवा जाता जाता एखाद्या निशाणाशी अडखळावा. ओढण्यासाठी त्याने कुत्री नेली, आणि या निवडीत त्याचा हिशेब अतिशय निष्ठुर होता. कुत्रा सील खातो आणि प्रसंगी कुत्राही खातो. पठारावर चढून गेल्यावर २४ कुत्री मारण्यात आली आणि त्यांचे मांस माणसांनी व उरलेल्या कुत्र्यांनी खाल्ले. ५२ कुत्री आणि पाच माणसे घेऊन १९ ऑक्टोबर १९११ रोजी निघालेला आमुंडसेन १४ डिसेंबरला ध्रुवावर पोहोचला, दिल्लीत पंचम जॉर्जचा दरबार भरल्यानंतर दोनच दिवसांनी, आणि २५ जानेवारीस ११ कुत्री व पाचही माणसांसह परतला.

स्कॉटने मुख्य भिस्त मांचुरियाच्या तट्टांवर ठेवली. घोड्याला चारा लागतो, आणि त्या हिमफळीवर गवताची काडीही उगवत नाही. म्हणजे घोडा जे ओढतो त्यातील मोठा भाग त्याचाच असतो. त्याचे खूर भुसभुशीत बर्फात रुततात, आणि घाम अंगावरच गोठतो. १९११ च्या फेब्रुवारीत मोठी कोठी ८० अंशांवर घालावयाची होती. तट्टे थकली म्हणून ती ७९ अंश २९ कलांवरच घालण्यात आली. घोड्यांची व्यवस्था पाहणाऱ्या कप्तान ओट्सने, दुबळी तट्टे मारून पुढे जावे असा सल्ला दिला होता. स्कॉटला ते करवले नाही. अशा रीतीने कोठी ३१ सागरी मैल, म्हणजे सुमारे ५७ किलोमीटर, अलीकडे राहिली.

८. बॉवर्सची कोठी आणि सात खेचरे

या मोहिमेत हिंदुस्थानचा अंश होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. ओट्स हा इंदूरजवळच्या महू छावणीतील घोडदळातून आलेला होता. आणि लेफ्टनंट हेन्री बॉवर्स हा ‘रॉयल इंडियन मरीन’चा, म्हणजे ज्याची मुख्य गोदी मुंबईस होती त्या हिंदी आरमारी खात्याचा अधिकारी होता. इरावतीवरील नौकांवर आणि इराणच्या आखातात नोकरी केलेला हा बुटका, बळकट मनुष्य वास्तविक जहाजावरच राहावयाचा. पण सामान चढविताना प्रत्येक पेटीचा ठावठिकाणा त्याच्या जिभेवर असे, हे पाहून स्कॉटने त्याला किनाऱ्यावरील तुकडीत घेतले आणि कोठीचा कारभार त्याच्याकडे सोपविला.

शिध्याचे प्रमाण ठरविण्यातही त्याचा वाटा होता. १९११ च्या जुलैत, भर काळोखात, बॉवर्स, डॉ. विल्सन आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे उणे साठ अंशांच्या थंडीत पेंग्विनची अंडी आणावयास गेले, तेव्हा प्रत्येकाने बिस्किट, लोणी आणि पेमिकन यांचे वेगवेगळे प्रमाण खाऊन पाहिले. पेमिकन म्हणजे वाळवून कुटलेले मांस चरबीत कालवून केलेली वडी. या अनुभवावरून पठारावरचा रोजचा शिधा ठरला तो असा: बिस्किट ४५० ग्रॅम, पेमिकन ३४० ग्रॅम, साखर ८५ ग्रॅम, लोणी ५७ ग्रॅम, आणि थोडा कोको व चहा. सारे मिळून एक किलोला किंचित कमी. यातून सुमारे साडेचार हजार कॅलरी मिळतात. आणि दिवसभर घसरगाडी ओढणाऱ्यास त्या थंडीत सहा हजारांहून अधिक लागतात, असा आजचा अंदाज आहे. म्हणजे पोटभर वाटणाऱ्या या शिध्यावर मनुष्य रोज थोडा थोडा स्वतःलाच खात होता.

तशात १९१२ च्या जानेवारीच्या आरंभी, अखेरची मदतनीस तुकडी परत धाडताना, स्कॉटने चौघांऐवजी पाच जण पुढे नेले. पाचवा बॉवर्स. तंबू चौघांचा होता आणि शिध्याच्या पिशव्या चौघांच्या मापाने बांधलेल्या होत्या. १७ जानेवारीस ते ध्रुवावर पोहोचले तेव्हा आमुंडसेनचा तंबू तेथे होता. परतीच्या वाटेवरील कोठ्यांत रॉकेलच्या डब्यांच्या चामडी चकत्या ढिल्या पडून तेल कमी झालेले आढळले. आणि तेल म्हणजे तेथे केवळ ऊब नव्हे, बर्फ वितळवून मिळणारे पिण्याचे पाणीही. पाचांपैकी एडगर इव्हान्स फेब्रुवारीत गेला. पाय निकामी झालेला ओट्स मार्चात एका सकाळी, इतरांवर भार होऊ नये म्हणून, तंबूबाहेर वादळात निघून गेला. उरलेले तिघे मोठ्या कोठीच्या ११ सागरी मैल अलीकडे वादळात अडकले आणि तेथेच मार्चअखेरीस मरण पावले. कोठी ठरल्याप्रमाणे ८० अंशांवर असती, तर ती त्यांनी आधीच ओलांडलेली असती.

त्यांचा शोध घेण्यास पुढच्या उन्हाळ्यात जी तुकडी निघाली तिच्याबरोबर हिंदुस्थान सरकारने पाठविलेली सात खेचरे होती: लाल खान, गुलाब, बेगम, रानी, अब्दुल्ला, प्यारी आणि खान साहिब. डोळ्यांना बर्फाची तिरीप लागू नये म्हणून त्यांच्यासाठी चष्मे करविले होते. आपला दाणा-चारा सोडून त्यांना चहाचा चोथा, दोरखंड आणि तंबाखूची राख चघळण्याचा नाद होता. पण ओझे त्यांनी इमानाने ओढले. १२ नोव्हेंबर १९१२ रोजी तंबू सापडला. गाडीवर सुमारे १६ किलो दगड होते. एकेका तोळ्याचा हिशेब ठेवणाऱ्या त्या माणसांनी मरेपर्यंत ते टाकले नव्हते, आणि त्यांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या लुप्त वनस्पतीच्या पानांचे ठसे निघाले. तसेच ठसे नागपूरजवळ कामठीच्या खडकांत सापडतात. अंटार्क्टिका, भारत आणि दक्षिणेकडील इतर भूमी एके काळी एकसंध होत्या या सिद्धांताला अशा पुराव्याचा मोठा आधार मिळाला.

९. औंधची कन्या आणि वहीतले नवे पान

पहिल्या महायुद्धाच्या काळात शॅकल्टनचे जहाज बर्फात चिरडले जाऊनही त्याने आपल्याबरोबरची सर्व माणसे वाचविली. त्यानंतर विमाने आणि यंत्रे आली आणि पायी मोहिमांचे युग संपले. १ डिसेंबर १९५९ रोजी अंटार्क्टिक करार होऊन ते खंड शांततामय संशोधनासाठी राखले गेले. पहिली भारतीय मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फावर उतरली.

या साऱ्या काळात स्त्रियांना त्या खंडावर क्वचितच प्रवेश मिळाला. १९३५ मध्ये कॅरोलिन मिकेलसन ही नॉर्वेजियन स्त्री प्रिड्झ उपसागराच्या पूर्व बाजूस उतरली. परंतु अमेरिकन आरमाराने आपल्या तळांवर स्त्रियांना १९६९ पर्यंत येऊ दिले नाही. १९८३ च्या डिसेंबरात गोव्याहून निघालेल्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरवैज्ञानिक अदिती पंत या दोघी होत्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या या पहिल्या स्त्रिया. अदिती पंत यांचा जन्म नागपूरचा, पण घराणे सातारा जिल्ह्यातील औंधचे: औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे पुत्र आणि मुत्सद्दी अप्पासाहेब पंत यांच्या त्या कन्या. पुणे, हवाई आणि लंडन येथे शिकून त्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आल्या होत्या. याच मोहिमेने ‘दक्षिण गंगोत्री’ हे भारताचे पहिले ठाणे उभारले आणि तेथे हिवाळ्यासाठी आपली पहिली तुकडी ठेवली.

पंत यांचा अभ्यास समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींचा आणि त्यांवर चालणाऱ्या अन्नसाखळीचा होता. डोळ्यांना न दिसणाऱ्या या वनस्पती उन्हाळ्यातील अखंड प्रकाशात अन्न तयार करतात. त्या वनस्पतींवर कोळंबीसारखे क्रिल जगतात. क्रिलवर पेंग्विन, कित्येक सील आणि देवमासे जगतात. ‘बेल्जिका’वरील आजाऱ्यांना ज्या मांसाने उठविले ते अखेर या वनस्पतींतूनच आलेले होते. तिथे खातात काय, या प्रश्नाचे मुळापर्यंत जाणारे उत्तर शोधणाऱ्यांत आपल्या जिल्ह्यातील घराण्याची एक विदुषी होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आज भारताची ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही दोन ठाणी तेथे आहेत. ‘भारती’ प्रिड्झ उपसागराच्या काठी, मेढ्याहून ओढलेल्या आपल्या रेषेच्या थोडी पूर्वेस आहे. त्यांचा व्यवहार अजूनही त्या जुन्या गणितानेच चालतो: उन्हाळ्यात समुद्र मोकळा होतो तेव्हा जहाज येते आणि पुढच्या जहाजापर्यंतचे धान्य, तेल व औषधे, वर वादळाची शिल्लक धरून, एकदाच उतरवावी लागतात. मात्र वहीत एक पान नवीन आले आहे. १९९१ च्या माद्रिद पूरक कराराने आणि भारताच्या २०२२ च्या अंटार्क्टिक अधिनियमाने असे बंधन घातले आहे की, नेलेल्या मालापैकी वापरून उरलेले डबे, प्लास्टिक, यंत्रांचे तेल आणि इतर घातक कचरा परत आणला पाहिजे. कुत्र्यांना तर १९९४ पासून त्या खंडावर मज्जावच आहे. आमुंडसेन आणि बॉवर्स यांनी आत काय न्यावयाचे एवढाच हिशेब मांडला. आजच्या कोठीदाराला बाहेर काय आणावयाचे याचाही जमाखर्च द्यावा लागतो. एवढे करून ही ठाणी तेथे कशासाठी चालवावयाची, आणि दोन किलोमीटर जाडीच्या त्या बर्फात कोंडलेल्या हवेवरून पूर्वीच्या युगांचे हवामान कसे वाचतात, हा पुढील प्रकरणाचा विषय आहे.